तांबडी खुडूक झाली

आमच्या सासूबाई रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी कोंबड्यांची तपासणी करायच्या. खुराड्याचं दार किलकिलं करून एकेक कोंबडी काखेत धरायची, शेपटीखाली बोटांनी चाचपायचं आणि निकाल द्यायचा. अंडं लागलं तर कोंबडी डालग्याखाली, म्हणजे उपड्या घातलेल्या बांबूच्या मोठ्या टोपलीखाली. अंडं दिल्याशिवाय तिची सुटका नाही. अंडं नसलं तर जा बाई, उकिरडा उकर. मी सांगलीच्या पेठेत वाढलेली, दुकानातून कागदात गुंडाळून अंडी आणणारी. लग्न होऊन रहिमतपूरजवळच्या या गावात आले आणि पहिल्याच सकाळी हा प्रकार बघून तोंडाला पदर लावून हसले.

"हसतीस काय? उद्यापासनं तूच बघायचं," सासूबाई म्हणाल्या.

मी काही बघितलं नाही. कोंबड्या त्यांच्याच राहिल्या. माझा होता तो परसातला मळा.

मळा म्हणजे फार काही नाही. मोरीचं सांडपाणी जिथं नुसतं साचून डास करायचं तिथं मी चार वाफे केले. वांगी, मिरच्या, मेथी, मांडवावर घेवडा आणि मागच्या भिंतीशी भोपळ्याचा वेल. बियाणं मी माहेराहून आणलं. आमच्या घरचा ऊस होता, त्यामुळे सासूबाईंच्या मते शेती म्हणजे ऊस, आणि मेथी ही बाजारातून आणायची वस्तू. "आठवड्याचा बाजार काय बंद पडलाय व्हय गं?" असं त्या येता-जाता म्हणायच्या. त्यांच्या कोंबड्या तर त्याहून पुढच्या. मी मेथी पेरली की तासाभरात उकरून ठेवायच्या. मी ओरडले की सासूबाई म्हणायच्या, "मुकं जनावर हाय, त्याला काय कळतंय?" मुकं जनावर दिवसभर कोकलत असायचं, ते वेगळंच. शेवटी एका उन्हाळ्यात मी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि मळ्याला चारी बाजूंनी काट्याचं कुंपण घातलं. हातांची चाळण झाली, पण कोंबड्या बाहेर राहिल्या. सासूबाई आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मला भांडायला आवडतं, आणि जिंकायला त्याहून आवडतं, हे मी कधी लपवलेलं नाही.

नवरा फौजेत. वर्षाकाठी एकदा रजेवर यायचा. घरात आम्ही दोघी आणि माझी दोन पोरं. लेक नुकती शाळेत जायला लागली होती आणि धाकटा अजून बोबडा होता. बहीण जे म्हणेल त्याला "मी बी" म्हणणं एवढंच त्याचं काम. या लेकीची एक कोंबडी होती, तांबडी. तिच्याबरोबरची पिल्लं मांजरानं नेली तेव्हा ही एकटी उरली होती. लेकीनं तिला बापाच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून, भाताची शितं भरवून वाढवलं. पुढे ती कोंबडी लेकीच्या मागं दप्तरासारखी हिंडायची.

तांबडी अंड्यावर आली आणि घोटाळा सुरू झाला. सकाळी सासूबाई चाचपून म्हणायच्या, "हिला अंडं हाय," आणि तिला डालग्याखाली घालायच्या. दुपारी बघावं तर डालगं जागच्या जागी, पण खाली कोंबडी नाही आणि अंडंही नाही. एकदा झालं, दोनदा झालं. मग रोजच. सासूबाईंचं बोट चुकणं शक्य नव्हतं, निदान त्यांच्या मते तरी. म्हणून त्यांनी दुसरा निष्कर्ष काढला.

"अंडं खातीया भवानी. खातीया आन् डालग्याखालनं निसटतीया. हिचं बघून बाकीच्या बी शिकतील."

अंडी खाणारी कोंबडी गावात कुणी ठेवत नाही. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या फोनवर नवऱ्याचा निरोप आला, रजा मंजूर झाली, पुढच्या महिन्यात येतोय. सासूबाईंचा चेहरा उजळला. लेक घरी आला की पहिल्या दिवशी गावठी कोंबडीचा रस्सा, हा आमच्या घरचा रिवाज. त्यांनी तिथंच जाहीर केलं, "तांबडीच करायची."

माझ्या लेकीनं ते ऐकलं. ती रडली नाही, आरडाओरडा केला नाही. पण त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. भाकरीचे दोन तुकडे मोडायची आणि ताट सरकवायची. मला तो चेहरा बघवेना. मी सासूबाईंना म्हणाले, "आवं आत्याबाई, खुराडं भरलंय कोंबड्यांनी. दुसरी कापा की एखादी."

"देणारी कापायची आन् खाणारी पोसायची? तुज्या सांगलीत असंल तशी रीत."

बोलणं रास्त होतं. तेच जास्त झोंबलं.

पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी तांबडी खुराड्यात आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "मुंगसानं नेली," सासूबाई म्हणाल्या आणि त्या मुंगसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते मला कळत होतं. फक्त वाईट वाटल्यावर शिव्या द्यायच्या, ही त्यांची पद्धत. लेक परसात, ओढ्याकाठी, कडब्याच्या गंजीमागे हाका मारत हिंडली. मग तिनं हाका मारणंही सोडलं.

नवरा यायच्या आदल्या दिवशी दुपारी सासूबाई अंगणात जोंधळे पाखडत बसल्या होत्या. मी मळ्याला घालायला मोरीचं पाणी बादलीत भरत होते. एकदम कुठून तरी तांबडी धावत आली. अंग फुगवलेलं, पिसं विस्कटलेली, तुरा फिका पडलेला. सुपातून सांडलेल्या दाण्यांवर ती अशी तुटून पडली, जणू तिला पुन्हा खायला मिळणारच नव्हतं. सासूबाई मुळीच ओरडल्या नाहीत. त्यांनी हळूच हात लांब करून डालगं ओढलं आणि थाडकन तिच्यावर टाकलं.

"मुंगूस कुटलं आलंय! उंडगीनं सोताच घर सोडलं हुतं. बरं झालं, येळंवर गावली. उद्या रस्सा."

लेक शाळेतून तेव्हाच येत होती. दप्तर टाकून ती डालग्याला जी बिलगली ती सुटेना. धाकटाही तिच्या पाठीला बिलगला. "आज्जी, माझी हाय ती. आज्जी, नको." आतून तांबडी धडका देत होती आणि सारखा एकच आवाज काढत होती, खोल घशातला, खुड् खुड् खुड्.

"आन् वर खुडूक बी झालीया," सासूबाई वैतागून म्हणाल्या.

मी बादली खाली ठेवली.

"काय म्हणालात आत्याबाई?"

"खुडूक झालीया म्हनलं. ऐकू येत न्हाई?"

"खुडूक कवा हुतीया कोंबडी?"

"कवा म्हंजी? अंडी घालून झाली, बसायची येळ झाली की..." आणि त्या थांबल्या.

"मग जिनं अंडीच खाल्ली, ती बसायला निघाली कशावर?"

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि डालग्याकडे बघितलं. मी सांगते, लग्न झाल्यापासून असा क्षण माझ्या वाट्याला आला नव्हता. पण तो चाखायला वेळच मिळाला नाही, कारण पुढचं गणित त्यांनीच माझ्याआधी सोडवलं. त्या ताडकन उठल्या.

"आगं डालगं उचल! कुटंतरी अंडी गार हुत्यात. सोड तिला आन् बघ कुटं जातीया!"

लेकीनं डालगं उचललं. मग ती वरात निघाली. पुढे तांबडी, मागे आम्ही चौघं चवड्यांवर. ती शहाणी बाई सरळ जाईल तर शपथ. चार पावलं चालायची, उगाच जमीन टोचायची, मान वाकडी करून मागे बघायची. "मागं व्हा, बघतीया ती," असं कुजबुजत सासूबाईंनी आम्हाला सरपणाच्या ढिगाआड ओढलं. पन्नाशी उलटलेली ती बाई तिथं उकिडवी बसली होती आणि तिच्या काखेत माझा धाकटा. तांबडीनं गंजीला एक वळसा घातला, गोठ्याला दुसरा घातला आणि माझ्या मळ्याच्या कुंपणापाशी आली. तिथं खालच्या दोन फांद्या बाजूला सारलेल्या होत्या. लहान मुलाच्या हातानं केलेली, कोंबडी जेमतेम शिरेल एवढीच फट. तांबडी त्यातून आत शिरली आणि भोपळ्याच्या पानांत दिसेनाशी झाली.

मी लेकीकडे बघितलं. लेक जमिनीकडे बघत होती.

"आज्जी तिला कोंडून घालती," ती म्हणाली. "ती आत लय रडती. मग मी डालगं उचलती आन् तिला मळ्यात सोडती. तिथं मांजर येत न्हाई. हरवली तवा तिथं बी हाका मारल्या, पन ती आलीच न्हाई."

"मी बी," धाकटा म्हणाला.

तर असं होतं सगळं. अंडं पोटात घेऊन कोंबडी रोज माझ्या मळ्यात जात होती. पोरीनं दया दाखवली आणि त्याच दयेनं कोंबडी चोर ठरली. पोरीला बिचारीला यातलं काहीच कळलं नव्हतं. आणि जे कुंपण मी सासूबाईंच्या कोंबड्यांशी भांडून घातलं होतं, त्यानंच मांजर आणि मुंगूस बाहेर ठेवलं होतं. मी वेलाला मुळाशी पाणी घालायचे. खरखरीत पानांच्या त्या कोपऱ्यात हात घालायचं मला कधी कारणच पडलं नव्हतं.

सासूबाई वाकल्या, पानं बाजूला केली. भिंतीशी वाळल्या पाचोळ्यात तांबडी पंख पसरून बसली होती. त्यांनी हात घातला तशी तिनं मनगटावर कचकन चोच मारली. एरवी कोंबडीला फटका बसला असता. सासूबाई नुसत्या "व्हय गं बाई, व्हय" म्हणाल्या आणि तिच्या पोटाखालून एक अंडं काढलं. ते कानाला लावलं. मग त्यांनी ते माझ्या लेकीच्या कानाला लावलं.

लेकीचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"आज्जी, आतनं कोन तरी दार वाजवतंय."

"जित्ती हायती!" सासूबाई अशा ओरडल्या की शेजारीण धावत आली. अंडं परत पोटाखाली सरकवून त्या उठल्या, कुंपणाकडे नीट बघितलं आणि मला म्हणाल्या, "काटं बरं लावलंस." एवढंच. पण त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे काय, ते ज्यांना सासू आहे त्यांना कळेल. मला तर वाफ्यात नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा एस.टी.तून उतरला. काळी ट्रंक ओसरीवर ठेवायच्या आत पोरांनी त्याला बुटांसकट भोपळ्यापाशी ओढत नेलं. तांबडीच्या पंखांतून पिवळी डोकी बाहेर येत होती, आत जात होती. एक पिल्लू तिच्या पाठीवर चढून बसलं होतं. त्यानं कौतुक केलं, पण भुकेल्या माणसाचं कौतुक ते. तो हातपाय धुऊन पानावर बसला. पुढ्यात माझ्या मळ्यातली भरली वांगी, घेवड्याची भाजी, ठेचा आणि गरम भाकरी. त्यानं ताटाकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, दुसरं पातेलं कुठं दिसतंय का ते बघितलं.

"आई, रस्सा न्हाई व्हय? गाडीत बसल्यापासनं त्योच डोळ्यांपुढं हाय."

माझ्या लेकीचा हात ताटात थबकला. सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मानही न वळवता म्हणाल्या,

"घरात बाळंतीण हाय. तिच्या दारात सुरी काढू व्हय? गप वांगं खा."

लेकीनं आज्जीकडे बघितलं. मग तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, वांग्यात बुडवला, आणि कितीतरी दिवसांनी माझं पोर पोटभर जेवलं.