भावजींचे घोडे

दवाखान्यातून घरी येऊन मी जेमतेम आंघोळ केली होती. निखिलनंच मला बळेबळे पाठवलं होतं, "आई, आज मानसी थांबेल काकांपाशी, तू जरा पाठ टेक," म्हणून. पाठ टेकायची राहूनच गेली. चहाचं आधण ठेवलं आणि फोन वाजला. निखिल नुसता "आई..." म्हणाला आणि मला कळलं. गॅस बंद करून खुर्चीत बसले. खोटं कशाला सांगू, रडू आलं नाही. इतकी दमले होते, की पहिल्यांदा मनात काय आलं तर, आता उद्या डबा घेऊन धावायचं नाही. मग विचारलं, "शेवटी काही बोलले का रे?" तिकडे त्यानं मानसीला विचारलेलं ऐकू आलं. "नाही गं आई. शुद्ध नव्हती. असंबद्ध बडबडत होते, एवढंच." एवढंच... ज्या माणसानं वर्षानुवर्षं रोज सकाळी जिन्याखालून "वहिनी, उठलात का?" अशी हाक मारली, तो जाताना माझ्यासाठी एक शब्द न ठेवता गेला, हे मला पुढे कितीतरी दिवस सलत राहिलं.

दत्तात्रय माझे धाकटे दीर. लग्नाचं पुढे ढकलता ढकलता ते राहूनच गेलेले. माझे यजमान गेल्यावर बडोद्यातल्या वासण्याच्या या घरात वर मी आणि खाली भावजी, असे आम्ही दोघंच उरलो. निखिल नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथलीच मुलगी, ही मानसी, त्यानं केली, आणि इथे आम्ही दोन म्हातारी माणसं एका चुलीवर जेवत आणि दिवसातून चारदा वाद घालत राहिलो. भावजींनी सगळी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत केली, वर्कशॉपमधल्या लेथवर लोखंड कातण्यात. निवृत्त झाल्यावर माणसं यात्रेला जातात, यांनी लाकूड कातायचा लेथ आणला आणि खालचं गॅरेज बळकावलं. स्कूटर तेव्हापासून अंगणात उन्हात. "लोखंडाला वास नसतो हो वहिनी," म्हणायचे. बाभळीचा, सागाचा, कडुनिंबाचा ताजा भुसा ओंजळीत घेऊन माझ्या नाकापर्यंत आणायचे. मला त्या भुशानं शिंका यायच्या, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

आता मूळ गोष्ट म्हणजे घोडे. गुजरातीत फळ्यांच्या मांडणीला घोडा म्हणतात, आणि बडोद्यात जन्म काढलेल्या आमच्या घरात पुस्तकांचा तो घोडा, चपलांचा तो घोडा आणि भावजींच्या लाकूड कातायच्या पटाश्या ठेवायचा तोही घोडाच. आधी त्यांनी लेथच्या मागच्या भिंतीला फळी ठोकून तिला भोकं पाडली आणि पटाश्या त्यात उभ्या केल्या. दोन दिवसांत सगळ्या भोकांत ढलप्या भरल्या. शिवाय पटाशी घ्यायची तर फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागे, आणि ते काही वर्कशॉपात आयुष्य काढलेल्या माणसाला चालण्यासारखं नव्हतं. मग तो घोडा मोडून उजव्या हाताला दुसरा आला. त्याला तळच नव्हता, भुसा खाली गळून जावा म्हणून. पुढे जुन्या ऑफिसच्या खुर्चीचा पाय मिळाला, त्याचा गोल फिरणारा घोडा झाला. तो दिसायला फार ऐटबाज होता, पण हवी ती पटाशी नेमकी पलीकडच्या बाजूला जायची. एखादी नवी पटाशी आली, की तिच्यासाठी जागा करायला अख्खा घोडा नव्यानं. मी एक पोळपाट मागितला होता, त्याची किती वाट पाहिली म्हणता! "आधी घोडा नीट होऊ दे ने, वहिनी. हत्यार हाताशी नसलं की काम बिघडतं." शेजारच्या हंसाबेन फाटकातून डोकावून म्हणाल्या होत्या, "दत्ताभाई, आटला बधा घोडा भेगा कर्या, हवे तो वरघोडो काढो!" इतके घोडे जमवलेत तर आता लग्नाची वरातच काढा, म्हणून. भावजी लाजले होते. त्या वयात!

सगळ्यांत शेवटचा घोडा मात्र खरोखर चांगला झाला. खोक्यांच्या फळ्यांचा, त्यात प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे जरा तिरपे बसवलेले, पाती खाली आणि मुठी वर. मुठी त्यांनी स्वतःच कातल्या होत्या, प्रत्येक वेगळ्या लाकडाची. त्यामुळे पटाश्यांना आमच्याकडे नावंच नव्हती, नुसती झाडं होती. गोल पटाशी म्हणजे बाभूळ, तिरकी म्हणजे शिसव, आणि बारीक खाच पाडायची ती चिंच. उभ्या माणसाच्या छातीशी येईल असा तो भिंतीला पक्का केला. पोळपाटही त्यानंतर झाला. आजही त्यावरच पोळ्या लाटते मी, जरासा डुगडुगतो, पण तक्रार नाही.

आणि मग भावजींचा डावा पाय गेला. अर्धांगाचा झटका सौम्य होता, असं डॉक्टर म्हणाले. ज्याला यायचा त्याला तो सौम्य नसतो, आणि ज्याला उठबस करायची तिलाही नसतो. चालणं काठीवर आलं, लेथपाशी उभं राहणं संपलं. मला वाटलं, सुटलो लेथमधून. पण यांनी गोरव्याच्या एका कारखान्यातला ओळखीचा माणूस बोलावला, लेथखालचं टेबल कापून बुटकं करून घेतलं आणि बुटक्याच स्टुलावर बसून काम सुरू केलं. घोडा मात्र होता तिथेच. बसल्या जागेवरून त्यांचा हात काही तिथवर पोचेना. मग वरचं काम टाकून मी खाली. "वहिनी, जरा बाभूळ आपा ने." दिली बाभूळ. "आता शिसव... ती नव्हे, तिच्या शेजारची." रोज दुपारी हे असं, चहाच्या वेळेपर्यंत. माझे गुडघे काही विशीतले नाहीत. मी म्हणायची, "भावजी, टेबल खाली घेतलंत, तसा हा घोडा हातभर खाली घ्या की. म्हणजे तुमचं तुम्हाला घेता येईल, मी सुटेन." त्यावर, "घेऊ ने, काय घाई आहे?" कधी म्हणायचे ड्रिल बिघडलंय, कधी म्हणायचे भिंतीत ओल आहे. ज्या माणसानं नुसत्या हौसेपायी घोड्यांमागून घोडे मोडले आणि बांधले, त्याला हा एक खाली घ्यायला फुरसत मिळेना. मी चिडायची, आणि चिडण्यात माझं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पाय खरंच दुखायचे. मग एके दिवशी सकाळी जिन्याखालून हाक आली नाही, आणि दवाखाना सुरू झाला.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. निखिल आणि मानसी आवराआवरीसाठी थांबली होती. खालचं गॅरेज तसंच होतं. लेथवर अर्धवट कातलेलं लाटणं, भोवती भुसा. मी आणि मानसी झाडायला उतरलो. पोरगी मनानं चांगली आहे, कामाला वाघ आहे, पण बडोदं तिला अजून पाहुण्यासारखंच. केर भरता भरता म्हणाली, "आई, एक विचारू? काकांना घोड्यांचा नाद होता का हो? म्हणजे रेस वगैरे?"

"काय?"

"त्या दिवशी सारखं घोडा, घोडा करत होते. 'वहिनींना सांग, घोडा खाली घ्या.' दोनतीनदा म्हणाले. मला वाटलं, भ्रम झालाय. तुम्हाला सांगून उगाच त्रास कशाला, म्हणून मी..."

मी हसले. कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. ती बिचारी घाबरून माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, "अगं, हा घोडा. याला घोडा म्हणतो आम्ही." तिला समजायला जरा वेळ लागला, आणि समजल्यावर तिचा चेहरा असा काही उतरला, की मलाच तिला जवळ घ्यावं लागलं. तिचा काय दोष? पुण्यात घोडा म्हणजे घोडा. माणूस जाताना नेमका असा शब्द उच्चारून गेला, जो आमच्या इकडेच चालायचा, आणि ऐकायला मी नव्हते... मी इथे न्हाणीघरात होते.

ती वर गेल्यावर मी भावजींच्या स्टुलावर बसले. या स्टुलावर मी कधी बसलेच नव्हते, कायम शेजारी उभी. बसून वर पाहिलं तर मुठी खरंच लांब होत्या. आणि तिथे बसल्यावर मला कळलं, ते तो घोडा का हलवत नव्हते. घोडा खाली आला असता, तर मला खाली यायचं कारण उरलं नसतं. दुपारभर त्यांना "बाभूळ आपा" म्हणायला कुणी नसतं. इतकं साधं होतं ते, आणि माझ्या दुखऱ्या पायांना ते दिसलं नाही, त्यांच्या तोंडून ते निघालं नाही. शेवटी मात्र त्यांनी माझं ऐकलं. हट्ट सोडला आणि मला सुट्टी दिली. मला ती नको होती, हे सांगायला आता समोर कुणी नाही. त्या दिवशी, चहाचं आधण राहून गेलं तेव्हापासूनचं सगळं रडू मी त्या भुशात बसून रडून घेतलं.

संध्याकाळी मानसीनं निखिलला सांगितलं असणार. तो ड्रिल घेऊन खाली आला, ते बिघडलेलं वगैरे काही नव्हतं. भिंतही ठणठणीत कोरडी. "आई, घेतो मी खाली. हातभरच ना? काकांची शेवटची इच्छा होती, राहायला नको." स्क्रूला टोक लावून तो माझ्याकडे बघत थांबला. मी उठले, घोड्यापाशी गेले, बाभळीची मूठ धरून पटाशी बाहेर काढली, पदरानं पुसली आणि परत तिच्या जागी उभी केली.

"राहू दे रे तिथंच. माझा हात पोचतो."