हाफटाइमला उठणारे काका

"चला, मी निघतो. निकाल फोनवर सांगा, ताई."

हाफटाइमची शिट्टी वाजली की काका उठायचे, कोटाची बटणं खालून वरपर्यंत लावायचे, मफलर गुंडाळायचे आणि हे वाक्य म्हणायचे. मॅच कितीही रंगात आलेली असो, काका निघाले म्हणजे निघाले. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारबुवांना बाथरूमची घाई असेल. तसं नव्हतं. त्यांना नातवंडांची शाळा गाठायची असायची.

असे आजोबा तुम्हीही पाहिले असतील. इंग्लंडात, लंडनच्या आसपास, वॉटफर्डला, ईलिंगला, जिथे जिथे आपली माणसं आहेत तिथल्या शाळांच्या फाटकाशी दुपारी तीनच्या सुमाराला उभे असतात. डोक्याला माकडटोपी, अंगात मुलाचा जुना कोट, आणि परतताना खांद्यावर नातीचं गुलाबी दप्तर. तुम्ही पूर्वी कोण होतात, असं त्यांना कोणी विचारत नाही. मीही विचारलं नसतं. पण हे आजोबा थेट माझ्या कॉलेजात घुसले.

मी तेव्हा वॉटफर्डच्या एका कॉलेजात रिसेप्शनला होते. अठरा वर्षांपर्यंतची पोरं, निम्मी झोपेत, निम्मी मोबाइलमध्ये. बुधवारी दुपारी वर्ग नसायचे, खेळ असायचे. दोन हजार सातच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. काका दारातून आत आले, माझ्या छातीवरचा नावाचा बिल्ला वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"मराठी ना तुम्ही? आत बास्केटबॉल चालू आहे ना? बाहेर आवाज येऊन राहिला चेंडूचा. पाच मिनिटं पाहू द्या ना बाप्पा."

आता नियमाने मी त्यांना बाहेर काढायला हवं होतं. पण 'बाप्पा' म्हणणाऱ्या माणसाला हाकलायचं कसं? मी पुण्याची, नागपूरकरांची नक्कल करण्यात माझं अर्धं बालपण गेलेलं. मी त्यांना पाहुण्यांचा बिल्ला दिला आणि स्वतःच स्पोर्ट्स हॉलमध्ये घेऊन गेले. बुधवारी दुपारी मला सुट्टी असायची, मग पाचपासून संध्याकाळच्या क्लासेसचं रिसेप्शन सांभाळायचं. ती सुट्टी मी एरवी सुपरमार्केटमध्ये घालवायची. त्या दिवसापासून ती बास्केटबॉलमध्ये जायला लागली, आणि घरचे लोक विचारायला लागले की फ्रिज रिकामा का.

टीमचे चाहते आम्ही तिघंच. मी, काका आणि कॉलेजचा केअरटेकर डेझमंड. डेझमंडचे आईवडील जमैकाचे, तो वॉटफर्डचा. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आणि तोंडात कायम अशुभ. सीझन ऑक्टोबरला सुरू व्हायचा नि मार्चला संपायचा. दोन मॅच झाल्या की डेझमंड जाहीर करायचा, "ही पोरं या वर्षी खालच्या डिव्हिजनला जाणार. लिहून ठेवा." मी म्हणायची, "गप रे, आत्ताशी तर सुरुवात आहे." मग आम्ही दोघं काकांकडे बघायचो.

"मी अर्धंच पाहिलं, अर्धंच बोलेन," काका म्हणायचे. "पण टीम वर जाणार."

काकांनी पोरांना टोपणनावं ठेवली होती. उंच, हलायला तयार नसलेला तो खांब. बुटका, सारखा गोल फिरणारा तो भिंगरी. "भिंगरी चेंडू लवकर उचलून राहिला," असं ते कळवळून म्हणायचे. मला कुठे काय कळतंय! मग त्यांनी समजावलं. चेंडू जमिनीवर आपटत आहात तोवर कुठेही पळा. एकदा का दोन्ही हातांत धरला, की पळणं संपलं. एक पाय जमिनीला रोवायचा. दुसरा हवा तसा फिरवा, पण रोवलेला पाय सरकला की शिट्टी.

हे समजावताना ते रिसेप्शनसमोर कोटासकट उभे राहिले, डावा पाय रोवला आणि गर्रकन फिरले. सत्तरीला टेकलेला माणूस. एक हिस्टरीचे सर कॉफी घेऊन चालले होते, ते जागच्या जागी थांबले.

"काका, पडाल की!"

"काऊन पडीन? बँकेच्या टीममध्ये होतो मी. नागपूरला आमच्या मोहल्ल्यात पोरं क्रिकेट नाही, हेच खेळायची." मग थोडे दम खात म्हणाले, "माझा रोवलेला पाय नागपूरला आहे, ताई. फ्लॅट आहे माझा, तिसऱ्या मजल्यावर. शेजारी किल्ली ठेवून आलो. ते आठवड्याला झाडून घेतात. इथे मी कितीही फिरेन, काही वाटून नाही राहिलं. सीझन झाला की मार्चमध्ये मी मोकळा, परत तिकडे."

बायको गेल्यावर मुलाने त्यांना आणलं होतं. कायम राहण्याचे कागदही करून घेतले. मुलगा नि सून दोघंही लंडनला कामाला, अंधारात जायचे, अंधारात यायचे. सून तर एका मोठ्या बँकेत. नातू सात वर्षांचा, नात पाचाची. सकाळी शाळेत सोडा, तीनला आणा, खायला द्या. मधल्या वेळात काकांनी काय करायचं? घर गरम, खिडक्या बंद, टीव्हीवर लोक जुन्या कपबशांचा लिलाव करतायत. लांब कुठे जावं तर परतीच्या बसचा भरवसा नाही, आणि शाळेच्या फाटकाशी उशीर म्हणजे गहजब. काकांची सगळी धाव आमच्या कॉलेजपर्यंत. खरं सांगते, मुलगा वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तो चांगला होता, सूनही चांगली होती आणि पोरं तर आजोबांना चिकटलेली. त्यामुळे काकांना तक्रार करायलाही जागा नव्हती.

बुधवारी पाचला रिसेप्शनचा फोन वाजायचा.

"सांगा."

"हरलो, काका."

"अरे बाप्पा! मी निघालो तेव्हा तर नऊने पुढे होतो ना आपण?"

"होतो. मग हरलो."

"नशीब, दुसरं काय. पुढच्या बुधवारी पाहा तुम्ही." मागून पोरांचा दंगा, भांडं पडल्याचा आवाज, "आजोबा, ही माझं टोस्ट घेते!" आणि फोन बंद.

मार्च आला. आमची टीम ना वर गेली ना खाली. काकाही गेले नाहीत. नातीला कांजिण्या झाल्या, मग ईस्टरची सुट्टी, मग मुलगा म्हणाला, आता समर होऊन जाऊ दे, बाबा. मी विचारलं की काका हसायचे. "जाईन ना. फ्लॅट काय पळून जाऊन राहिला?"

जुलैत ते खरंच नागपूरला गेले. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. म्हटलं, चला, सुटले एकदाचे. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी बघते तर हॉलच्या बाकावर काका, हातात संत्राबर्फीचा डबा.

मी हावरटासारखे दोन तुकडे तोंडात टाकले आणि मग विचारलं, "कधी आलात?"

"ऑगस्टलाच. फ्लॅट विकून टाकला, ताई."

माझा घास तसाच राहिला. मुलाला मोठं घर घ्यायचं होतं. बाबांना स्वतःची खोली हवी, पोरांना बाग हवी. मुलगा म्हणाला होता, बाबा, आता तिकडे आपलं आहे कोण? "बरोबर आहे त्याचं," काका म्हणाले. "कोणी नाही. मीच होतो ना तेवढा."

"अहो पण काका, एवढी कसली घाई होती?" मी जवळजवळ ओरडलेच. मी त्यांची कोण लागते? पण माझा जीव जळला.

"पोरांना माझी गरज आहे ना. तीन वाजता शाळेतून कोण आणणार त्यांना?"

डेझमंडला मराठी कळत नव्हतं, पण त्याने आम्हा दोघांची तोंडं पाहिली आणि विषय बदलायला म्हणाला, "अंकल, या वर्षी तरी खरं बोला. खाली जाणार ना?"

"मी अर्धंच पाहिलं, अर्धंच बोलेन. टीम वर जाणार," काका म्हणाले आणि हाफटाइमला उठून गेले.

आता दोन हजार आठचा तो हिवाळा तुम्हाला आठवतच असेल. रोज कुठल्या ना कुठल्या बँकेची बातमी, खोकी घेऊन बाहेर पडणारी माणसं टीव्हीवर. नोव्हेंबरचा बुधवार होता. आमची पोरं भलतीच सुटली होती, खांबसुद्धा उड्या मारत होता. शिट्टी वाजली. काका उठले, कोटाची बटणं खालून वर लावली, मफलर गुंडाळला. आणि उभेच राहिले.

"काका, निघा की. पोरं खोळंबतील."

"नाही," ते म्हणाले. "सून जाते आता. नोकरी गेली ना तिची. घरीच आहे सोमवारपासून."

डेझमंडला मी इंग्रजीत सांगितलं. बिचारा, त्याने टाळीच वाजवली. "म्हणजे अंकल आज पूर्ण मॅच बघणार! बसा, बसा!" त्याने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. काका कोटाची बटणं न काढता बसले.

दुसरा हाफ सुरू झाला आणि जे दर बुधवारी व्हायचं तेच झालं. आमच्या पोरांचा दम दहा मिनिटांत संपला. खांब कमरेवर हात ठेवून उभा. भिंगरी कोपऱ्यात चेंडू उचलून बसला, दोघांनी त्याला घेरलं, एक पाय रोवून तो नुसता गोल गोल फिरत राहिला आणि चेंडू द्यायला कोणी दिसेना. सगळी आघाडी वितळली. बाराने हरलो.

काका समोर बघत होते. "दर वेळी असंच होते?"

"दर वेळी, काका."

"तुम्ही फोनवर सांगत होता ना. पण मला वाटून राहिलं होतं, टीम चांगली आहे. थोडं नशीब आडवं येते." मग म्हणाले, "पहिला हाफ पाहूनच ठरवलं मी सगळं."

ते टीमबद्दल बोलत नव्हते हे शब्द न समजताही, नुसत्या त्यांच्या चेहऱ्यावरून डेझमंडलासुद्धा कळलं.

पुढचे दोन बुधवार काका आले नाहीत. आता तर मोकळे होते! मला आधी काळजी वाटली, मग राग आला. तिसऱ्या बुधवारी मी मॅच अर्ध्यावर टाकून त्यांना शोधायला निघाले. फार शोधावं लागलं नाही. शाळेसमोरच्या फुटपाथवर, रस्त्याच्या अलीकडे, बसस्टॉपच्या आडोशाला उभे होते. पलीकडे फाटकाशी सून उभी होती. शाळा सुटली. पोरं धावत आली, आईला बिलगली. गुलाबी दप्तर तिने खांद्याला लावलं आणि तिघं घराकडे वळली. त्यांनी इकडे पाहिलं नाही. पाहायचं कारणच नव्हतं.

"काका, हे काय चाललंय?"

चोरी पकडल्यासारखे ते दचकले. "काही नाही. वेळ झाली की पाय इकडेच येतात. सूनबाईला सांगू नका. तिला आधीच लाज वाटून राहिली घरी बसायची."

"अहो, मग तिच्याबरोबर का नाही येत?"

"दोन माणसं कशाला लागतात दोन पोरांना?"

मी त्यांना दंडाला धरून कॉलेजात आणलं. पोचलो तेव्हा मॅचचा शेवटचा तुकडा राहिला होता, आणि आम्ही हरत होतो. मग तसाच पायंडा पडला. दर बुधवारी काका आधी तिथे उभे राहायचे, पोरं आईबरोबर वळणापलीकडे गेली की मग यायचे. दोन वाजता या म्हटलं तर हो म्हणायचे आणि यायचे शेवटच्या तुकड्यालाच. ज्या माणसाने वर्षभर फक्त आमचं चांगलंच पाहिलं, तो आता फक्त आमची दाणादाण पाहायला लागला. पोरांचा दम संपलेला, खांब कमरेवर हात ठेवून उभा. डेझमंड विचारायचा, "काय अंकल, काय वाटतं?" काका मान हलवायचे. "अर्धंच पाहिलं," एवढंच म्हणायचे. पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं होतं. मला ते वाक्य ऐकायचं असायचं, आणि विचारायचं धाडस व्हायचं नाही. मला, जिची जीभ कधी कोणापुढे अडली नाही!

फेब्रुवारीत मुलाला स्कॉटलंडला काम मिळालं. मोठं घर नुकतंच घेतलेलं, ते भाड्याने देऊन सगळे निघाले. काका निरोप घ्यायला आले तेव्हा मी म्हटलं, "काका, तुम्ही नागपूरला का नाही जात? एखादी खोली बघा, काहीही बघा." ते म्हणाले, "कोणाकडे जाऊ ताई? किल्लीसुद्धा दुसऱ्याची आहे आता." मग डेझमंडशी हात मिळवला, पाहुण्यांचा बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला आणि कोटाची बटणं लावून निघाले.

सीझनच्या शेवटच्या बुधवारी पाचला फोन वाजला. आवाज लांबून येत होता, मागे पोरांचा दंगा नव्हता.

"ताई, सांगा."

आम्ही हरलो होतो. डेझमंडचं भाकीत एकदाचं खरं झालं होतं, टीम खालच्या डिव्हिजनला गेली होती. मी तोंड उघडणार एवढ्यात ते म्हणाले, "थांबा. हाफटाइमपर्यंतच सांगा. पुढचं राहू द्या."

समोर एक पोरगी लायब्ररी कार्डासाठी ताटकळली होती, तिला मी हाताने थांब म्हटलं.

"नऊने पुढे आहोत, काका," मी सांगितलं. "खांब उड्या मारतोय. भिंगरी सुटलाय नुसता."

"वा," ते म्हणाले. "वर जाणार यंदा." आणि त्यांनी फोन ठेवला.