देव बसलेले असताना अपडेट

समस्त आप्तेष्टांस, स्नेह्यांस आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे अशा सर्व नागरिकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, विद्यानगरातल्या आमच्या काकांच्या कॉम्प्युटरचे मालक काका नाहीत. काकूही नाही. मालक कोण, हे नवरात्रातल्या अष्टमीला दुपारी अडीच वाजता उघडकीला आलं, आणि त्या क्षणी मी चिक्कडपल्लीतल्या माझ्या घरी झोपलेली नसून काकांकडे हजर होते, याचा आनंद मला आजही होतो.

मी गेले होते काकूला मदत करायला. तिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, दर स्नेहसंमेलनात दुसऱ्यांची नाटकं बसवली, आणि आता पहिल्यांदा स्वतः एक नाटुकलं लिहिलं होतं. संध्याकाळी सहा वाजता आमच्या मराठी मंडळात अकरा मुलं ते वाचणार होती. मुलं बहुतेक शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कुकटपल्लीकडची. घरी मराठी बोलतात, भांडतातही मराठीत, पण मराठी वाचायला दिलं की चाचपडत जिना उतरल्यासारखी एकेक अक्षर उतरतात. पहिल्या तालमीत एका मुलीला 'राजवाड्यात' या शब्दातून बाहेर यायला इतका वेळ लागला की तोवर पुढचं वाक्य ज्याचं, त्या राजाने पाणी पिऊन घेतलं. मंडळाचे चिटणीस काकूला म्हणाले, "आज असंच झालं तर पुढच्या वर्षी आपण अंताक्षरीच ठेवू." काकू घरी येऊन जेवली नाही.

तोडगा काकूच्या सुनेने, म्हणजे कुकटपल्लीतल्या माझ्या चुलतभावाच्या बायकोने काढला. ही मुलं शाळेत तेलुगू शिकतात आणि ते धडाधड वाचतात. मग तिने सगळं नाटुकलं तेलुगू अक्षरांत टाइप केलं. भाषा मराठी, लिपी तेलुगू. काकू दोन दिवस रुसून बसली, तिसऱ्या दिवशी तीच मुलगी राजवाड्यातून धावत बाहेर आली, आणि काकूने फर्मान काढलं, "अकरा प्रती काढा. आणि रंगमंचावर फोन नक्को."

तर शेवटच्या दुरुस्त्या केलेली फाइल अष्टमीला दुपारी कुकटपल्लीहून सुनेकडून ईमेलने आली. चुलतभावाकडे प्रिंटर नाही, काकांकडे आहे. बाहेर बतुकम्माचा, म्हणजे इथल्या फुलांच्या सणाचा दिवस. रस्ताभर झेंडूचे आणि तंगेडूच्या पिवळ्या फुलांचे ढीग, झेरॉक्सवाले सगळे शटर ओढून आपापल्या गावी गेलेले. घरात मात्र सगळं सज्ज होतं. प्रिंटरमध्ये कोरे कागद घातले होते, काकूने स्टेपलरसुद्धा काढून ठेवला होता.

फाइल उघडेना. ती नव्या आवृत्तीत केली आहे, आधी तुमचं सॉफ्टवेअर अपडेट करा, असं पडदा म्हणाला. काकांनी चष्मा लावून 'अपडेट'वर टिचकी मारली. पडदा म्हणाला, तुम्हाला ही परवानगी नाही. ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.

आता माझे काका सचिवालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर परवानग्या देण्याचं आणि त्याहून जास्त न देण्याचं काम केलेला माणूस. त्यांना एक यंत्र, स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीवर, परवानगी नाही म्हणालं. ते खुर्चीत ताठ झाले.

"पुन्हा दाबा की," काकू म्हणाली.

"दाबू लागलोय ना. नाही म्हणतंय."

"मग विनंती अर्ज करा."

मी चुलतभावाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला; फाइल जुन्या आवृत्तीत करून देणारी सून मुलांना घेऊन घराबाहेर पडली होती. तो म्हणाला, बंद करून चालू करा. केलं. परवानगी नाही. तो म्हणाला, अपडेटच्या चित्रावर उजवी टिचकी मारा, 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' असं येईल, ते दाबा. दाबलं. पडदा काळवंडला आणि मध्ये एक चौकट आली. वर एक नाव, खाली पासवर्डची जागा.

"नाव कोणाचं आहे?" चुलतभावाने विचारलं.

मी वाचलं. "श्री गजानन."

 मग तो म्हणाला, "ताई, मस्करी नक्को. मी ऑफिसच्या कॉलवर आहे."

मस्करी नव्हती. काकांना आठवलं आणि ते लाजले. उपसचिव लाजलेले मी पहिल्यांदा पाहिले. सात वर्षांपूर्वी दसऱ्याला कॉम्प्युटर घरी आला, हळदकुंकू लावलं, आणि दुकानातून आलेल्या माणसाने विचारलं, "पहला नाम किसका डालू, साब?" आमच्या घरात वहीच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेवर, किराण्याच्या यादीवरसुद्धा पहिलं नाव ज्याचं असतं त्याचंच काकांनी सांगितलं. त्या माणसाने मान हलवून हौ म्हणून टाकलं. मग दुसरं नाव काकांचं, तिसरं काकूचं. पण ज्याचं नाव पहिलं, सगळे अधिकार त्याच्याकडे जातात, ही बारीक तरतूद कोणी वाचली नव्हती.

"म्हणजे तुम्ही दोघं भाडेकरू," चुलतभाऊ म्हणाला. "फोल्डरची मालकी बघा. प्रॉपर्टीजमध्ये जा."

गेलो. मालक: श्री गजानन. काका: वाचू शकतात. काकू: वाचू शकते. बदल करण्याच्या रकान्यात दोघांपुढेही काही नाही.

"वाचू शकते म्हणे," काकू म्हणाली. "मग उघड की बाबा ती फाइल, वाचते."

"पासवर्ड काय ठेवला होता, पप्पा?" चुलतभावाने विचारलं.

"गोपनीय होता," काका म्हणाले. "मी लिफाफ्यात घालून बंद केला. वर सही केली."

"आणि लिफाफा?"

काका छताकडे बघू लागले. काकूने मात्र डोळे मिटून घेतले. सात वर्षं दर गुरुवारी देवघर पुसताना तो लिफाफा तिनेच उचलला होता आणि पुसून परत ठेवला होता.

"देवाखाली," ती म्हणाली. "ज्याचा त्याच्याकडे, असं तुम्हीच म्हणालात."

आम्ही तिघांनी देवघराकडे पाहिलं. आठ दिवसांचा घट, हिरवंगार वीतभर धान, अखंड दिवा, वर झेंडूच्या माळा. आणि मधोमध पाटावर पितळेचा गणपती, आमच्या कॉम्प्युटरचा मालक. देव बसलेले. घट उठेपर्यंत देव जागचे हलवायचे नाहीत, हा नियम या घरात पाळते कोण, तर काकू. एका वर्षी देवघराला पालीने भोज्जा केला म्हणून तिने पालीलाच दसऱ्यापर्यंत घरात राहू दिलं होतं.

"दसऱ्याला देव उठतील. मग बघू," काका हळूच म्हणाले.

"वाचन आज आहे," काकू म्हणाली. एवढंच म्हणाली. पण स्टेपलर तिने उचलून कपाटात ठेवला, आणि ते मला बघवेना.

इथे मी, वय वर्षं बावन्न, दोन मुलांची आई, गुडघ्यावर बसले. पाटाखालच्या लाल कापडातून लिफाफ्याचा कोपरा दिसत होता. मी म्हटलं, "काकू, देव न हलवता कागद सरकवला तर?"

काकूने वाकून पाटाखाली पाहिलं. मग शिवणाच्या डब्यातून लाकडी फूटपट्टी आणून दिली. "देव तसूभर हलला तर तिथेच थांबायचं. त्याच्या खांद्यावरच्या फुलावर माझं लक्ष आहे."

मी फूटपट्टी पाटाखाली सरकवली. काकांनी दिव्याला हाताचा आडोसा धरला. फोनमधून चुलतभाऊ विचारत होता, "काय चाललंय? कोणी बोलत का नाही?" लिफाफा एक बोट आला. दोन बोटं आला. कापड जरा गोळा झालं, आणि लिफाफा सर्रकन माझ्या मांडीवर आला. त्याच क्षणी गणपतीच्या खांद्यावरचं जास्वंदीचं फूल टपकन खाली पडलं.

कोणी हललं नाही. देव हलला की फूल आपसूक पडलं, हे सांगणार कोण?  काकू वाकली, तिने फुलाकडे नीट पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा फुलाकडे पाहिलं.

"उजवीकडे पडलंय," ती म्हणाली. "कौल दिलाय."

कौल लावला कोणी, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. काकांची होती.

"देवाची उजवी, का आपली?"

"अहो, त्याचीच. आणि आता त्याचं डोकं खाऊ नका, पासवर्ड टाका."

काकांनी लिफाफा पेपरकटरने फोडला. फाडणं त्यांना जमत नाही. आत छोटी चिठ्ठी, तांबड्या शाईने अधोरेखित केलेली. काकू मागून वाकली आणि तिने वाचलं. पासवर्ड तिचं माहेरचं आडनाव होतं.

"मग मलाच विचारायचं होतं," ती म्हणाली.

"गोपनीय होतं," काका म्हणाले. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झालेल्या बाईला मी लालबुंद होताना पाहिलं, ते याच दिवशी.

पासवर्ड पहिल्यांदा चुकला, कारण काकांचं बोट शेजारच्या कळीवर पडलं. दुसऱ्यांदा काकूने स्वतः टाइप केला. हिरवी पट्टी सुरू झाली, सरकत राहिली, एका जागी इतका वेळ अडली की काकूने तिच्यापुढे उदबत्ती फिरवली. पावणेपाचला नाटुकलं पडद्यावर उमटलं, गोल गोल तेलुगू अक्षरांत. जाण्याआधी मी चुलतभावाच्या सांगण्याप्रमाणे काकांनाही ॲडमिनिस्ट्रेटर केलं. काकांची अट एकच, की पहिलं नाव तसंच राहू द्यायचं.

सहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही गरम प्रती छातीशी धरून मंडळात पोचलो. मुलं वाचायला उभी राहिली, आणि काय वाचलं त्यांनी. राजवाडा आला आणि गेला, प्रधान रडला, राणी रुसली, एक अक्षर कुठे अडखळलं नाही. काकू पडद्याआड उभी राहून प्रत्येक वाक्य ओठांनी बोलत होती. पहिल्या रांगेत पुण्याहून नुकतेच बदलून आलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांना तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. राणीचं काम करणाऱ्या मुलीच्या हातातल्या कागदाकडे त्यांची नजर गेली. ते वाकले, आणखी वाकले, चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि भर सभागृहात बायकोला म्हणाले, "अगं, ही मुलगी चक्क तेलुगू वाचते आहे, आणि मला सगळं कळतंय."