खोक्यात काय नव्हतं

खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'घरपोच' छापलेलं होतं. प्रत्यक्षात कुरियरवाल्याने फोन करून सांगितलं, कट्टा गावच्या एसटी स्टॅण्डवर या आणि घेऊन जा. याला घरपोच म्हणतात? स्कूटर काढून गेले आणि तिथेच त्याच्याशी भांडले.

"मॅडम, सही करा. उन्हात उभो आसंय," एवढंच तो म्हणाला.

दादाने मुंबईहून पाठवलेलं ते जेवणाचं किट. बांगड्याचं तिखलं, म्हणजे आमचं माशांचं दाट, तिखट कालवण, दोन माणसांसाठी. आई गणपती झाल्यावर त्याचं बाळ सांभाळायला गेली, ती अजून तिथेच. एप्रिल लागला होता. दर रविवारी मी तिला फोनवर विचारायची, "कधी येतलंस?" आणि मागून दादा ओरडायचा, "तुला स्वयंपाक येत नाही म्हणून तिला ओढू नकोस!" हे किट म्हणजे त्याचं उत्तर.

माझा भडका उडाला. मासे ओरबाडून नेणाऱ्या मोठ्या बोटींविरुद्ध पत्रकं लिहिणारी मी, आणि आमचाच बांगडा मुंबईला जाऊन, प्लास्टिकात गुंडाळून आमच्याच दारात परत! हे सगळं खरं, पण खरी भीती वेगळीच होती. या खोक्यात सगळं असेल, तर आईला परत यायला कारण काय उरलं?

म्हणून तपासायला बसले. आतल्या यादीवर पेनाने खुणा करत. चार बांगडे, साफ केलेले. आहेत. वाटण आहे. तिरफळं आहेत, आई काढते तशा बिया काढलेली. तेलाची बोटभर बाटली. तांदूळ. मीठसुद्धा, जसं काही समुद्रकाठी मीठ मिळत नाही! सोलं, म्हणजे आमसुलं, चार. वास घेऊन पाहिला, चांगली होती. यादी पुन्हा तपासली. मग तिसऱ्यांदा. एकही वस्तू कमी निघेना.

तेवढ्यात आईचा फोन.

"इलो गो खोको?"

"इलो."

"तिरफळां आसत?"

"आसत. बियो काडून."

"शिरा पडो! माका कायच काम ठेवक नाय." ती हसली. मग एकदम हळू विचारलं, "मगे कायच ऱ्हवला नाय?"

सोलांची पुडी माझ्या मुठीत होती. पत्रकात मी एक शब्द खोटा लिहीत नाही.

"सोलां नाय घातलेली," मी म्हटलं.

"बग! माका ठाऊक होता!" कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज परसातून हाक मारल्यासारखा आला. "सोलांशिवाय तिखला करतत मेले! फळयेर मागल्या बाजूक बरणी आसा, गेल्या वर्साची. तीनच घाल. चार घातलंस तर आंबाट होतला."

"बरणीत थोडीच उरलीत." हे मात्र खरं होतं.

"रातांबे पिकले?" तिने विचारलं. सोलं त्यांच्याच सालींची होतात.

"खाली पडूक लागलेत. कोण उचलतला?"

पलीकडे बाळ कुरकुरत होतं. तिने थोपटल्याचा आवाज आला. मग दादाकडे तोंड वळवून म्हणाली, "माजा तिकीट काड रे. सोलां करूक व्हयी."

"आई, सोलं इथे दुकानात मिळतात," मागून दादाचा आवाज.

"मिळतत, मिळतत. तू गप ऱ्हव."

फोन ठेवून तिखलं शिजत घातलं आणि मी फळीवरची बरणी काढली. यादीत सोलांपुढे केलेली खूण पेनाने पार गिरगटून टाकली, आणि तिची तीन सोलं तिखल्यात सोडली.