साडूंच्या आतड्याची सफाई

सरळ गोष्ट गोंधळाची कशी करावी, हे आख्ख्या मराठवाड्यात आमच्या थोरल्या साडूंइतकं कुणाला जमायचं नाही. वैजापूरच्या तहसील कचेरीत त्यांनी कारकुनी केली, पेन्शन घेऊन शहरात गारखेड्याला घर बांधलं, पण कागद दिसला की शंका काढायची खोड काही सुटली नाही. लग्नपत्रिका आली तर 'सहकुटुंब' म्हणजे नेमके कितीजण, हे विचारायला ते यजमानांना फोन करत. ती दुष्काळाची वर्षं. शहर चहूकडं पसरत चाललेलं आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. साडू भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी जास्वंदीला घालत, आणि जास्वंदीखालून वाहून आलेलं अजून कुठं वापरता येईल, या विचारात बराच वेळ उभे राहत.

अशात त्यांचं रक्त कमी होऊ लागलं. चेहरा पांढराफटक, दोन पायऱ्या चढले की धाप. वरून दुर्बीण झाली, खालून झाली, पण रक्त जातंय कुठून ते सापडेना. राहिलं मधलं लहान आतडं. त्यासाठी डॉक्टरांनी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला सांगितली. आदल्या संध्याकाळी दोन लिटर पाण्यात पावडर कालवून प्यायची, पोट लख्ख करायचं आणि पारदर्शक पातळ पदार्थांशिवाय काही घ्यायचं नाही. झालं! सूचनांचा कागद घेऊन साडू माझ्या दारात.

"वरणावरचं निवळ पाणी पारदर्शक धरायचं का? आणि कॅमेरा बाहेर पडल्यावर जमा कुठं करायचा?"

"जाऊ द्यायचा संडासात," मी म्हणालो.

"काय बोलायलात! दवाखान्याच्या डेडस्टॉकला, सामानाच्या नोंदवहीला लागलेली वस्तू असंल ती. उद्या विचारणा झाली म्हणजे?"

शेवटी एकदाची कॅप्सूल गिळली. कमरेला यंत्राचा पट्टा बांधून साडू दिवसभर खुर्चीत ताठ बसले. फोटो हलेल म्हणून बोलायचेसुद्धा हळू. आणि एवढं करून डॉक्टर म्हणाले, "आत सगळं गढूळ दिसतंय, तयारीच नीट झालेली नाही." मग ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, उलटतपासणी घेतली. दोन लिटरची पावडर साडूंनी एका लिटरात उरकली होती. "अहो, पाणी वाचवायला जीव द्यायचा का माणसानं?" ताई रडायच्याच बाकी होत्या. साडू मान खाली घालून बसले. आम्ही मात्र पोट धरून हसलो. मी तर हा किस्सा दोन लग्नांत आणि एका मुंजीत रंगवून सांगितला.

दुसऱ्या खेपेला ताईंनी मला पहाऱ्यावर बसवलं. संध्याकाळी जग घेऊन मी समोर, आणि साडू ग्लास रिकामे करायलेत. मधूनमधून धावत जाऊन येत होते. पाचवा ग्लास त्यांनी खाली ठेवला.

"हिला सांगू नका. पाण्याचा काही संबंध नव्हता हो. त्या दिवशी टाकी गच्च भरलेली होती."

मला काही उमजेना. "मग?"

"माझे वडील असेच पांढरे पडत पडत वारले, आतड्यात गाठ निघाली होती. आत तेच दिसलं तर? म्हणलं, गढूळच राहू द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं मी या माणसाच्या शंकांची टिंगल करत आलो होतो, आणि एवढी मोठी शंका तो कुणालाच विचारू शकला नव्हता. "प्या," मी म्हणालो. "मी हाय इथंच." ते प्याले. उरलेलं सगळं प्याले.

या वेळी सगळं स्वच्छ दिसलं. एक बारीक रक्तवाहिनी झिरपत होती, बाकी भलतंसलतं काही नव्हतं. डॉक्टरांनी ती बंद केली. हळूहळू साडूंच्या चेहऱ्यावर रंग आला आणि शंकांनाही पुन्हा जोर आला. पूर्वी त्यांचा फोन वाजला की मी बायकोला "बाहेर गेलोय म्हणून सांग" अशी खूण करायचो. आता घेतो. सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "अजून काही?" कधीकधी ते नुसतेच गप्प राहतात, पण फोन ठेवत नाहीत. मग मीही ठेवत नाही.