परकी सात टेबलं

नव्वदचं दशक सरत आलं होतं. उरणच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात मी कॉम्प्युटर सांभाळत होते. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर आहे, हे सगळं एका डेटाबेसमध्ये असायचं. त्याची नवी आवृत्ती चढवायला मी शनिवारी सकाळी बसले. काम निम्म्यावर थांबलं ते थांबलंच. जुनं चालेना, नवं सुरू होईना.

डेटाबेस स्वतःच्या कारभारासाठी काही टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, ठेवतो. त्यांत सात परकी टेबलं निघाली. नावं नुसती आद्याक्षरं, आणि उघडून बघायची सोय उरली नव्हती. डेटाबेस विकणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "आमची नाहीत ती. काढून टाका, पुन्हा चालवा."

यार्डाचे साहेब म्हणाले, "सोमवारी आठला गेट उघडायचंय. काय ते ठरव."

ती टेबलं बनवू शकेल असा एकच माणूस होता. माझे आधीचे सीनियर. त्यांनीच मला हे काम शिकवलं होतं. वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि ते घरीच होते. मी एकदाही भेटायला गेले नव्हते. रविवारी मात्र जुईनगरला त्यांच्या दारात उभी राहिले.

काकूंनी आत घेतलं. "ह्यांना कळतं सगळं गं, बोलता येत नाही."

मी नावांची यादी त्यांच्यासमोर धरली. "सर, ही काढू का?"

त्यांनी डावा हात उचलला, यादीवर ठेवला आणि इकडून तिकडे फिरवला. पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. पुसून टाक म्हणत होते की नको म्हणत होते? मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मलाही कधीकधी कळत नाही."

बॅकअपची टेप होती, त्या धीरावर मी परत येऊन टेबलं काढली. नवी आवृत्ती सरळ चढली.

सोमवारी पहिल्या ट्रकसाठी कंटेनर शोधला, तर जागेचा रकाना कोरा. सगळेच कोरे. जागांची नोंद त्या सात टेबलांतच होती. टेप लावली. आमच्या बॅकअपमध्ये डेटाबेसची ही कारभाराची टेबलं घेतलीच जात नव्हती. मी ते कधी तपासलं नव्हतं. कुणाचा चुकून हात लागू नये म्हणूनच सरांनी ती सात तिथे ठेवली असणार.

मग सगळं यार्ड पायी मोजायला घेतलं. आसपासच्या गावांतली माणसं उन्हात रांगेरांगेतून नंबर लिहून आणत होती, मी टाइप करत होते. एक जण म्हणाला, "मॅडम, या डब्याचा नंबरच पुसलाय. काय लिवू?" कुणी मला रागावलंही नाही. त्याने जास्तच खचायला झालं.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला, बूथवरून. "तू येऊन गेल्यापासून नीट जेवत नाहीत. तेवढं काम झालं का, ते सांग."

"झालं, काकू. सरांना सांगा, झालं."

अकरा कंटेनर तेव्हाही सापडायचे होते.