अर्धा तास मोटर बंद

भांडावं कसं हे ज्याला शिकायचंय त्यानं हर्सूलच्या यशोधन कॉलनीत बिऱ्हाड करावं आणि करुणामॅडम ज्या ग्रुपवर आहेत त्या ग्रुपवर जाऊन गप्प बसावं. शिवी नाही, टोमणा नाही, उद्गारचिन्हांची रांग नाही. बाई एक ओळ लिहिणार आणि समोरच्याची झोप उडवणार. त्या उन्हाळ्यात तिनं उमाकाकूंच्या नवऱ्याची अशी झोप उडवली होती की बिचारे व्यंकटराव जेवताना डाव्या हातानं फोन उलटा करून ठेवायचे.

व्यंकटराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. हयातभर साहेबांच्या सहीसाठी टिपणं लिहिली. मुलानं, श्रीरंगानं, पुण्याहून फोन पाठवला आणि स्वतःच्या नावानं लिहायला मिळतंय म्हटल्यावर म्हाताऱ्याचा अंगठा काही थांबेना. सकाळी चहा, मग पूजा, मग झोपाळ्यावर बसून राजकारण. त्यांचा एक मजकूर वाचून होईपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या, असं उमाकाकू म्हणायच्या आणि ते खोटं नव्हतं.

ग्रुप खरं तर राजकारणाचा नव्हताच, पाण्याचा होता. कॉलनी उतारावर आहे. खाली नाल्याकडची घरं, वर टेकाडाकडची. पाण्याची लाइन नाल्याकडून येते, त्यामुळं पाणी सुटलं की आधी करुणाच्या नळाला येतं आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, उमाकाकूंच्या. पूर्वी घरं थोडी होती तेव्हा वरपर्यंत यायचं. मग शहर वाढलं. बिडकीनकडं कारखाने येणार म्हणून जमिनी गेल्या, तिकडची माणसं इकडं प्लॉट घेऊन बांधायला लागली, जुनी कुटुंबं औरंगपुऱ्याच्या बोळांतून मोकळ्या हवेला म्हणून इथं आली, आणि लाइन तीच राहिली. ज्यानं त्यानं नळाला मोटर जोडली. नाल्याकडं मोटरी लागल्या की टेकाडावरचे नळ नुसते फुसफुसायचे.

मागच्या दुष्काळात एका दुपारी करुणा फाटक उघडून आत आली होती. तोवर दोघींची ओळख हसण्यापुरती होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, नवरा राजेंद्र वाळूजला कंपनीत आहे, एवढंच उमाकाकूंना ठाऊक. "काकू, नळ सोडा बरं. मला बघायचंय," ती म्हणाली. उमाकाकूंनी नळ सोडला. हवा आली. करुणा तिथंच उकिडवी बसून त्या कोरड्या नळाकडं बघत राहिली, आणि उठली ती तडक खाली गेली. घरोघर फिरली. एकेकाशी भांडली. आठवड्याभरात कॉलनीचा दस्तूर ठरला: पाणी सुटलं की नाल्याकडच्यांनी पिण्यापुरतं भरायचं आणि अर्धा तास मोटर बंद ठेवायची. वरची घरं भरून घेतील, मग खाली मोटरी लागतील.

त्यासाठी तो ग्रुप. एका घराचा एक नंबर. करुणा लिहायची, "पाणी सुटलं." वरून व्यंकटराव लिहायचे, "आले." अर्ध्या तासानं करुणा लिहायची, "मोटर लावा." एवढंच बोलणं, पण त्यावर चाळीसेक घरं अंघोळी करत होती. दोघी बायकांचं मैत्र त्याच नळापासून सुरू झालं. करुणा शाळेतून येताना वर डोकावायची, काकूंच्या हातचं मेतकूट नेताना डबा तिथंच उघडून चाखायची.

आणि मग महापालिकेची निवडणूक आली.

टेकाडावरच्यांचे उमेदवार तात्यासाहेब, नाल्याकडच्यांच्या गीताबाई. दोघांनीही पाणीच देऊ केलं होतं, दुसरं द्यायला होतं काय! महिनाभर ग्रुपवर पाणी कमी आणि प्रचार जास्त. निकाल लागला. गीताबाई थोडक्या मतांनी निवडून आल्या. खाली हलगी वाजली, वर दारं लागली. त्या संध्याकाळी व्यंकटरावांनी झोपाळ्यावर बसून एक मजकूर लिहिला. नेहमीपेक्षा पुष्कळ छोटा: "मटणाच्या पातेल्यावर मते विकणाऱ्यांनी यापुढे विकासाच्या गप्पा मारू नयेत."

खालून संतापाचा लोंढा आला. नाल्याकडच्या कचरूनं तर आवाज रेकॉर्ड करून असं काही पाठवलं की उमाकाकूंनी स्वयंपाकघरातून येऊन फोनचा आवाज बंद केला. करुणाचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं. "काका, पातेलं कुणाच्या घरी शिजलं? नाव घ्या."

व्यंकटरावांनी लोकशाहीचा ऱ्हास लिहिला. करुणानं लिहिलं, "नाव घ्या." त्यांनी नैतिकता लिहिली, मतदारांचं अज्ञान लिहिलं, परदेशातली उदाहरणं दिली. "वाचलं. नाव घ्या." वरच्यांनी उंचावलेल्या अंगठ्यांची चित्रं टाकून त्यांची पाठ थोपटली, खालच्यांनी त्यांना काढून टाका म्हणून तिला गळ घातली. ग्रुप तिच्या हातात होता, एका बोटाचं काम होतं. तिनं लिहिलं, "कुणालाही काढणार नाही. त्यांनी उत्तर द्यायचंय." तिचे वडील सर्जेराव मिलिंद कॉलेजात शिकलेले. वाद घालावा, पण सभेतून कुणाला उठवू नये आणि आपणही उठू नये, हे त्यांनी तिला लहानपणीच पाजलेलं.

उठले ते व्यंकटराव. एका सकाळी ग्रुप सोडला आणि त्यांच्यामागं अख्खं टेकाड बाहेर पडलं. दुपारपर्यंत नवा ग्रुप निघाला, 'टेकाड परिवार'. तिथं सगळे एकमेकांना शाबासकी देत होते. करुणाचं 'नाव घ्या' मात्र आता रोज थेट व्यंकटरावांच्या नंबरावर येत होतं. उमाकाकूंनी विचारलं, "अहो, पण पाण्याचं कोण कळवणार?"

"पाणी नळाला येतं, ग्रुपवर नाही," व्यंकटराव म्हणाले.

हे वाक्य त्यांना फार आवडलं. त्यांनी ते नव्या ग्रुपवरही टाकलं.

पाण्याच्या पुढच्या पाळीला टेकाडावर थेंब आला नाही. करुणा परीक्षेच्या कामाला शाळेत होती. मागं कचरू आणि मंडळींनी विचार केला, गेले ना सोडून, मग आता कशाचा दस्तूर? पाणी सुटताच मोटरी लागल्या. टेकाड परिवारावर सूड, द्वेष, षड्यंत्र असे जाड जाड शब्द सुरू झाले. आणि उमाकाकूंच्या घरात बाळंतीण होती. लेक मनस्विनी पहिल्या बाळंतपणाला आलेली, परसात ओल्या लंगोटांची दोरी, आणि रविवारी बारसं. पाहुण्यांना सांगून झालेलं. हौदाचा तळ दिसत होता. या पाळीला पाणी आलं नाही तर बाळाला न्हाऊ घालायचं कशानं, हा उमाकाकूंचा प्रश्न होता. त्याला लोकशाहीच्या ऱ्हासात कुठं जागा नव्हती.

पाळीच्या दुपारी व्यंकटराव झोपाळ्यावर बसून पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याला खरमरीत लिहीत होते. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला आणि काही न सांगता फाटकाबाहेर पडल्या. करुणाच्या पाया पडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. वयानं मोठ्या होत्या, तरी. ऊन असं होतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा गाड्यांखाली गेलेली. उतरता उतरता त्यांना खालून चढे आवाज ऐकू आले आणि त्या वळणावरच्या भिंतीशी थांबल्या.

गल्लीच्या मधोमध प्लॅस्टिकची खुर्ची टाकून करुणा बसली होती. एका हातात छत्री, मांडीवर फोन. भोवती चार-सहा माणसं. पाणी सुटलेलं होतं, कुणाच्या तरी ओट्यावर हंडा भरून वाहत होता. कचरूनं मोटर नळाला जोडून ठेवलेली, बटणावर बोट.

"कामून थांबायचं मॅडम?" तो ओरडत होता. "ते गेले ना ग्रुप सोडून!"

"ग्रुप सोडला. कॉलनी सोडली का? अर्धा तास थांब."

"त्या म्हाताऱ्यानं आपल्याला मटनाला इकलेले म्हनलं, अन् तुमी त्याच्याच हौदासाठी उन्हात बसल्या? लई झालं आता."

"म्हनलं त्यानं. त्याचा जाब मी घेतीच हाय. तू एकदा शिव्या देऊन मोकळा झाला, मी रोज इचारते. उत्तर येईस्तोवर इचारनार." करुणाचा आवाज चढला नव्हता. "पन तोंडाचा जाब तोंडाला मागायचा, नळाला नाय."

कचरू काही बोलणार होता. तिनं त्याला हातानं थांबवलं.

"माझी आजी पारूबाई इहिरीपाशी घागर घेऊन उभी ऱ्हायची. तिला शिवायची बंदी. वरून कोनाला दया आली तर वतायचे, नायतर उन्हं कलंस्तोवर उभी. ती मला हे सांगायची तवा रडायची नाय, हसायची. मला ते हसूच सोसायचं नाय. कचरू, पान्यासाठी कोनाला उभं ठिवायचं काम माझ्या हातनं व्हनार नाय. ते कितीबी वंगाळ बोलूंदे. लावायची तर लाव मोटर, पन आधी मला खुर्चीसकट उचलून बाजूला कर."

कचरूनं बटणावरचं बोट काढलं. काढलं म्हणण्यापेक्षा ते आपोआपच बाजूला आलं.

 विहिरीच्या वरच्या अंगाला उभे असणारे लोक कोण, हे उमाकाकूंना कुणी सांगायला नको होतं. त्यांना पुष्कळ कीर्तनं आठवली, सप्ताह आठवले, क्षमेवर, समतेवर ऐकलेलं सगळं. पण हे काही निराळंच होतं. या बाईनं क्षमा केली नव्हती. भांडण तसूभर सोडलं नव्हतं आणि पाणीही अडवू दिलं नव्हतं, दोन्ही एकाच खुर्चीवर धरून बसली होती. एवढं मोठं माणूस आपल्याकडून मेतकुटाचा डबा नेतं आणि आपल्याला पत्ता नाही, असं वाटून काकूंच्या अंगावर भर उन्हात काटा आला.

करुणाचं लक्ष गेलं. "काकू! उन्हात काय उभ्या? वर जा, आलं असेल एव्हाना. मनूच्या बाळाचं पाणी आधी भरून घ्या." आणि मग, त्याच आवाजात, "काकांना म्हणावं, उत्तर राहिलंय."

वर खरंच धार लागली होती. चांगली बोटाएवढी. व्यंकटराव हौदाशी उभे राहून फोनवर लिहीत होते. "बघितलंस? अधिकाऱ्याला दम दिला, लगेच प्रेशर वाढलं! आता टाकतो ग्रुपवर."

"टाका," उमाकाकू म्हणाल्या. "पण आधी ऐका." आणि त्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची सांगितली, छत्री सांगितली, पारूबाई सांगितली.  चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापुढं एवढं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या.

व्यंकटरावांनी लिहीत आणलेला मजकूर पुसून टाकला. म्हणाले, "मी लिहितो तिला."

"लिहिलंत तेवढं पुरे. चपला घाला."

दोघं खाली पोचले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता आणि नाल्याकडं मोटरी घरघरत होत्या. करुणा सगळ्यांत शेवटी उठली होती, खुर्ची आत नेऊन तिनं आपली मोटर लावली तेवढ्यात पाणी गेलं. उन्हाळ्यात पाळी आखूडच झालेली. तिचा नळ खोकत होता. ती मोटर काढत होती तेव्हा दारात व्यंकटराव उभे.

"मॅडम," ते म्हणाले.  "नाव नाही माझ्याकडं. पातेलं मी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. मी चूक लिहिलं."

कचरू ओट्यावरून ऐकत होता. करुणानं हात पुसले, फोन घेतला, बोट फिरवलं. व्यंकटरावांचा फोन खिशात वाजला. तिनं त्यांना ग्रुपवर परत घेतलं होतं.

"तिथं म्हणालात काका. तिथंच लिहा."

त्यांनी तिथंच, तिच्या दारात उभ्यानं लिहिलं. वेळ लागला. पण एकही मोठा शब्द आला नाही. करुणानं वाचलं, मान हलवली. "ठीक. आता प्रचारात पाइपलाइनबद्दल लिहिलं होतंत ना, तेही चूक आहे. त्यावर उद्या बोलू."

उमाकाकू मात्र तिच्या कोरड्या हौदाकडं बघत होत्या. घरी भरलेल्या हौदातून दोन घागरी पाठवून द्याव्यात, असं त्यांच्या ओठांवर आलं. आणि तिथंच अडलं. पाठवून द्यायच्या, ओतून द्यायच्या, हे तर झालेलंच होतं की पिढ्यान् पिढ्या.

"करुणा," त्या म्हणाल्या, "घागर घे आणि चल वर. हौदाचं झाकण उघडं आहे. तुझ्या हातानं उपस, हवं तेवढं."

करुणानं त्यांच्याकडं पाहिलं. इतके दिवस एकाही मजकुरानं न हललेला तो चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिनं आत जाऊन घागर आणली आणि काकूंच्या बरोबरीनं चढ चढू लागली. मागून व्यंकटराव फोन खिशात टाकून येत होते.